मुलाची शाळा निवडताना : घर आणि वसतिगृह

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात शिक्षणविषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. परंतु मंडळाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे दरसाल माघ-फाल्गुनात एक प्रश्न आमच्या दाराशी हमखास येतो. बहुधा पतिपत्नी दोघेही येतात. हातात दोन-तीन गुळगुळीत माहितीपुस्तिका असतात. मुलगा पाचवीत किंवा सहावीत जाणार असतो. "आम्ही ह्याला खासगी शाळेत घालायचे म्हणतो. मुलांचीच शाळा आहे, नाव मोठे आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येते, आणि होस्टेललाही ठेवता येते. काय करावे?" मुलगा बहुधा बाहेर ओटीवर बसलेला असतो. त्याला कोणी आत बोलावीत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस जे सुचते ते आज आपणांपुढे ठेवतो. त्यात आमच्या घरातील एक चूकही आहे. ती झाकून ठेवली तर बाकीच्या बोलण्यास काही किंमत राहणार नाही.

आपल्या लोकांस वसतिगृह ही गोष्ट नवी नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे परगावी वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. एखाद्या वारी घर मिळाले नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. ही लाचारी मोडावी म्हणून वसतिगृहे निघाली. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचा पाया घातला आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली. मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, स्वतः स्वयंपाक करीत आणि स्वतः भांडी घाशीत. आपल्या ज्ञातिसंस्थांनी बांधलेल्या लहानमोठ्या बोर्डिंगांची प्रेरणा ह्याच काळातील. गावात हायस्कूल नव्हते म्हणून मूल वसतिगृहात जाई.

दुसरा प्रवाह अगदी निराळा आहे. राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली निघाले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील शिंदे सरकारांची शाळा १८९७ ची, आणि ती आरंभी सरदारांच्या मुलांसाठीच होती. डेहराडूनची डून स्कूल १९३५ ची. डॉ. मुंजे यांची नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. पुण्याच्या लष्करभागातील बिशप्स स्कूल तर १८६४ पासूनचे. आणि पाचगणीच्या थंड हवेत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्यांत पुढे आपली मुले जाऊ लागली. ह्या शाळांचा नमुना विलायतेतील 'पब्लिक स्कूल'चा. हे नाव मोठे फसवे आहे. सार्वजनिक म्हणविणारी ही शाळा पूर्णपणे खासगी असते. इंग्लंडात १८६८ साली पब्लिक स्कूल्सचा कायदा झाला तेव्हा त्यात ईटन, हॅरो वगैरे सात शाळा घेतल्या आणि मुले मुख्यतः घरून येत अशा दोन जुन्या शाळा वगळल्या. तेव्हापासून 'मोठी शाळा म्हणजे निवासी शाळा' अशी एक समजूत रूढ झाली. ती सातासमुद्रांपलीकडून येऊन आपल्या ओटीवर बसली आहे.

आज पालक माहितीपुस्तिका उघडतो तेव्हा हे दोन्ही प्रवाह त्याच्या मनात मिसळलेले असतात. आजोबा बोर्डिंगात राहून मोठे झाले ही आठवण एकीकडे, आणि घोडेस्वारीच्या रंगीत चित्राचा मोह दुसरीकडे. परंतु आजोबांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे. म्हणून पहिला प्रश्न शाळेला विचारावयाचा नसून स्वतःला विचारावयाचा आहे : आपण मुलाला घराबाहेर का पाठवीत आहो?

ह्याची काही उत्तरे रास्त आहेत. वडिलांची नोकरी बदलीची आहे आणि मुलाची चौथी शाळा झाली आहे. गावात आठवीपुढे नीट शिकविणारे कोणी नाही. घरात दीर्घ आजारपण आहे. किंवा मुलगा स्वतःच म्हणतो की मला जावयाचे आहे. काही उत्तरे मात्र ऐकताना आम्ही मनात दचकतो. "फार द्वाड झालाय, तिथे सरळ होईल." "आमच्या साडूंचा मुलगा तिथेच आहे." आणि सर्वांत वाईट उत्तर जे कोणी तोंडाने देत नाही, पण घरात पाऊल टाकताच कळते : आईवडिलांचे आपसांत पटत नाही, आणि मुलाने ते पाहू नये. बंधुहो, मुलाने ते कधीच पाहिलेले असते. घरात बिघडलेले शाळेने दुरुस्त करून द्यावे ही अपेक्षा शाळेवर अन्याय करणारी आहे आणि मुलावर त्याहून अधिक.

आता आमची हकीकत. आमचा थोरला मुलगा अकरा वर्षांचा असताना आम्ही त्याला डोंगरातील एका निवासी शाळेत ठेविले. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गोष्ट तीस वर्षांहून जुनी आहे. आम्ही शाळा पाहावयास गेलो तेव्हा निकालाचा फलक पाहिला, पोहण्याचा तलाव पाहिला, आणि घोडे किती आहेत हे विचारले. रात्री मुलांजवळ कोण झोपते, हे विचारले नाही. मुलालाही विचारले नाही. त्या काळी फोनची सोय तुटपुंजी. दर रविवारी त्याचे पत्र येई. "मी बरा आहे. जेवण चांगले आहे. अभ्यास चालू आहे." प्रत्येक पत्रात हीच तीन वाक्ये, त्याच क्रमाने. मुलगा शिस्तीत लिहितो म्हणून आम्ही समाधान पावलो. ती पत्रे टाकण्यापूर्वी वाचली जात होती, हे आम्हांस पुढे कळले.

दिवाळीत तो घरी आला. पहिल्याच जेवणाच्या वेळी आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आले की तो ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा धरून, मान खाली घालून, भराभर जेवतो आहे. त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी रात्री त्याने आईजवळ सांगितले : मोठी मुले ताटातले काढून घेतात, आणि रात्री तहान लागली तर पाण्याचा माठ मोठ्या मुलांच्या ओवरीत असल्यामुळे तो सकाळपर्यंत तसाच पडून राहतो. एका वर्षात तेथे तीन रेक्टर बदलले होते. कोणाकडे सांगावे हे मुलांस ठाऊक नव्हते, आणि मुलांत काय चालते हे रेक्टरांस ठाऊक नव्हते.

आम्ही तरीही त्याला परत पाठविले. ही आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. वर्षाची फी भरली होती. लोक काय म्हणतील हेही मनात होते. "पुरुषासारखा पुरुष हो," असे आम्ही अकरा वर्षांच्या मुलास सांगितले. वर्षअखेर त्याला घरी आणले. गावच्या शाळेत तो रुळला, पण वर्गात उभे राहून मोठ्याने बोलू लागण्यास त्याला दोन वर्षे लागली.

ह्यावरून आम्ही वसतिगृहाच्या विरुद्ध आहो असे मात्र कोणी समजू नये. आमचा धाकटा मुलगा चौदा वर्षांचा असताना आपण होऊन म्हणाला की मला शहरातील शाळेत जावयाचे आहे. ती शाळा मुलांचीच होती. काही मुले घरून येत, काही तेथेच राहत. पहिले वर्ष तो आपल्या आत्याकडे राहून शाळेत गेला. शाळा कळली, मित्र झाले, शिक्षकांची पारख झाली. मग त्यानेच वसतिगृहात राहण्याचे ठरविले. तेथील रेक्टर बारा वर्षे त्याच जागी होते, सहकुटुंब त्याच इमारतीत राहत, आणि कोणत्या मुलाचे पत्र पंधरा दिवसांत आले नाही हे त्यांस तोंडपाठ असे. तीन वर्षांनी मुलगा घरी आला तो स्वतःचे कपडे धुणारा, ताट घासून ठेवणारा, आणि दुसऱ्याचे ऐकून घेणारा. सारांश, एकाच घरातील दोन मुले वसतिगृहात राहिली. एक तेथे कोमेजले आणि दुसरे फुलले. फरक होता तो वयाचा, मुलाच्या इच्छेचा आणि तेथे रात्री दिवा हाती घेऊन फिरणाऱ्या माणसाचा.

म्हणूनच ज्या शाळेत घरून येणारे आणि राहणारे असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात, ती आम्हांस अधिक विचारणीय वाटते. तेथे एका बाजूने दुसऱ्या बाजूस जाण्याचा दरवाजा उघडा असतो. वडिलांची बदली झाली तर शाळा न सोडता मुलगा वसतिगृहात जाऊ शकतो. न मानवले तर परत घरी येऊ शकतो. घरून येणाऱ्या मुलांमुळे बाहेरचे वारे आत येते. आत काही विपरीत घडले तर त्याची वार्ता संध्याकाळी गावात पोहोचते. पण अशा शाळेचा एक दोषही असतो. शाळा घरून येणाऱ्यांच्या हिशेबाने चालली तर चार वाजता घंटा होताच शिक्षक सायकल-मोटारीवर बसून निघून जातात आणि मागे राहिलेली पन्नास मुले एका पहारेकऱ्याच्या स्वाधीन होतात. म्हणून विचारावे : एकूण मुलांत राहणारी किती? शनिवारी दुपारी आणि रविवारी ती काय करतात? त्या दिवशी कोणते शिक्षक तेथे असतात? आमच्या मते शाळेची खरी परीक्षा रविवारी दुपारी तीन वाजता होते.

शाळा पाहावयास जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत थोडे बसा आणि बाकीचा वेळ इतरत्र घालवा. स्वयंपाकघर पाहा. संडास-मोऱ्या पाहा, तेथे पाणी आहे का, दाराला कडी आहे का ते पाहा. पिण्याचे पाणी लहान मुलांच्या निजण्याच्या जागेपासून किती पावलांवर आहे ते मोजा. लहान मुले आणि मोठी मुले एकाच दालनात निजतात काय ते विचारा. आजारी मुलांच्या खोलीत रात्री परिचारिका असते की नुसते कुलूप असते, आणि मुलास ताप आला तर घरी किती तापाला व किती वेळात कळवितात, हे विचारा. रेक्टर किती वर्षे आहेत आणि त्यांच्या आधीचे किती वर्षे होते हे विचारा. मुलाला घरी एकांतात बोलता येते काय हे विचारा. पत्राची जागा आता फोनने घेतली असली तरी फोनजवळ कोण उभे असते हा प्रश्न तोच आहे. आणि शक्य तर एखाद्या विद्यार्थ्यास, शिक्षक जवळ नसताना, एवढेच विचारा : "तुला इथे काही वाईट वाटले तर तू कोणाकडे जातोस?" त्याने पटकन् एखादे नाव घेतले तर ती शाळा चांगली. तो विचार करू लागला, तर तुम्हीही विचार करा.

कायद्याचेही थोडे ज्ञान असावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींस बंदी केली आहे. "आमच्याकडे छडीची परंपरा आहे" असे अभिमानाने सांगणारी शाळा कायदा मोडीत आहे. त्याच कायद्याने देणगी घेऊन प्रवेश देण्यासही मनाई आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांस मात्र ही अट नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडविणे हा गुन्हा आहे. शाळेची अब्रू हे त्यास उत्तर नव्हे. हे विषय मुलांशी बोलावयास आपण लाजतो. आपल्या लाजेचा फायदा कोणास होतो, ह्याचा विचार करावा.

फीविषयी महाराष्ट्र विधिमंडळाचा २०११ चा स्वतंत्र कायदा आहे. शाळेने फी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावयाची असते, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे वाढविता येत नाही. पालकांनी ह्या समितीत जावे. तेथे नुसते चहापुरते जाऊ नये. निवास, भोजन, गणवेश, सहली, परत मिळणारी व न मिळणारी अनामत ह्यांचा आकार लेखी मागावा आणि प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. मुलगा मध्येच परत आणावा लागला तर किती पैसे परत मिळतील हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावे. आम्ही ते विचारले असते, तर त्या दिवाळीनंतर मुलाला परत पाठविण्याचे एक कारण तरी कमी झाले असते. एका वर्षाची फी भरता येते म्हणून शाळा निवडू नये; मुलगा शाळा सोडीपर्यंतच्या सर्व वर्षांची बेरीज करावी. शेत गहाण टाकून भरलेली फी मुलाला कळते, आणि तिचे ओझे त्याच्या दप्तराहून जड असते.

येथे भगिनीवर्गासमोर एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या दोन मुलांच्या मध्ये एक मुलगी आहे. मुलांच्या शाळांसाठी आम्ही घाट चढलो, शहरे पाहिली, कर्ज काढले. मुलीला जवळच्या शाळेत घातले आणि तिला काय हवे ते विचारलेही नाही. ती स्वतःच्या बुद्धीने शिकली, त्याचे श्रेय आमचे नाही. निधीकडे येणारे अर्ज आम्ही चाळतो तेव्हा दिसते की हा दोष आमच्या एकट्याच्या घरात नव्हता. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा. १९६१ साली निघाली तेव्हा मुलांसाठीच होती. २०२१ साली सैनिक शाळांचे दरवाजे मुलींसाठीही उघडले गेले. सरकारी फाटक साठ वर्षांनी उघडले. आपल्या घरचे फाटक उघडण्यास तेवढाही वेळ लागू नये. एका घरात मुलाच्या शाळेस जितका खर्च होईल तितक्याच खर्चाचा विचार मुलीसाठी झाला पाहिजे. फक्त मुलांच्या शाळेविषयीही एवढेच म्हणतो : तेथे मुली नाहीत म्हणून स्त्रियांविषयी आदर शिकविण्याचे कारण नाही, असे मानणारी शाळा अर्धेच शिक्षण देते. स्वयंपाकीण मावशींशी, मेट्रनबाईंशी, शिक्षिकांशी मुले कशी बोलतात ते पाहा, म्हणजे शाळेचे वळण कळेल.

भाषेविषयी थोडक्यात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत, त्या कोणत्याही मंडळाशी संलग्न असोत, मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. पण तासापुरती मराठी आणि आजीला पत्र लिहिण्यापुरती मराठी ह्यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढणे शाळेचे काम नाही, आपले आहे. दर आठवड्यास मुलास एक पत्र मराठीत लिहा, आणि उत्तर मराठीतच मागा.

शेवटी मंडळास दोन विनंत्या. बहुतेक निवासी शाळा स्थानिक पालकाचे नाव मागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा येथे आपली घरे आहेत. ह्या घरांनी आपली नावे मंडळाकडे नोंदवावीत. महिन्यातून एका रविवारी त्या गावातील वसतिगृहातल्या मुलास, आणि मुलीसही, घरी जेवावयास बोलवावे. तो जेवतो कसा ते पाहावे. पूर्वीच्या वाराचे हे नवे रूप समजा. आणि मूल एकटे येण्यास लाजले तर त्याच्या मित्रासही बोलवा. त्याची जात विचारू नका. भाऊरावांच्या पंक्तीतून आपण तेवढे तरी घेतले पाहिजे. दुसरी विनंती अशी की निधीतून मदत देताना अर्जावर मुलाचे स्वतःचे म्हणणे त्याच्याच हस्ताक्षरात असावे.

गेल्या वर्षी आमचा थोरला मुलगा आपल्या अकरा वर्षांच्या मुलास घेऊन एक शाळा पाहावयास निघाला आणि आम्हांसही बरोबर घेतले. घरून येणाऱ्या आणि राहणाऱ्या अशा दोन्ही मुलांची ती शाळा होती. मुख्याध्यापक दाराशी स्वागतास उभे होते. मुलाने त्यांस नमस्कार केला आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, आधी मुलांचे पिण्याचे पाणी कुठे आहे ते पाहतो." तो गेला, आणि आम्ही तेथेच उभे राहिलो. इतक्या वर्षांत त्याने त्या शाळेचा विषय आमच्याजवळ कधी काढला नव्हता. मग तो परत आला आणि नातवास म्हणाला, "आता तू सगळी शाळा बघ. घरी गेल्यावर तुला काय वाटते ते सांग." नातू सध्या घरूनच त्या शाळेत जातो, पुढचे तो ठरवील.

आमच्या ओटीवर जी मुले बसून राहिली, त्यांस आम्ही आता आत बोलावितो. आपणही बोलवावे, एवढेच सांगावयाचे होते.